लाल गोळीतला अर्धा मिलिग्रॅम: गरोदर बायकांच्या रक्ताचा शोध परळमध्ये घेणाऱ्या डॉ. ल्युसी विल्स

भामरागड असो, कोरची असो की चंद्रपूरमधलं जिवती. इथल्या कुठल्याही आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाईची नोंदणी झाली की तिच्या हातात दोन प्रकारच्या गोळ्या पडतात. एक कॅल्शियमची. तिच्यात 500 मिलिग्रॅम कॅल्शियमसोबत 250 युनिट ड जीवनसत्त्व असतं आणि ती दिवसातून दोनदा घ्यायची असते. दुसरी लाल रंगाची. तिला कुणी लोहाची गोळी म्हणतं, कुणी रक्तवाढीची.

या लाल गोळीत लोह असतं 60 मिलिग्रॅम. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट असते आणि ती असते फक्त अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे लोहाच्या 120 पट कमी. तिचं नाव फॉलिक ॲसिड. गोळीचं नाव घेताना बहुतेक वेळा हे नाव गाळलं जातं.

लोहानं रक्त वाढतं हे माणसाला फार आधीपासून ठाऊक होतं. फॉलिक ॲसिडचं तसं नाही. त्याची कहाणी जेमतेम शंभर वर्षांची आहे आणि तिची सुरुवात मुंबईत, परळच्या एका प्रयोगशाळेत आणि गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या ताटात झाली. ज्या बाईंनी ही सुरुवात केली त्यांचं नाव डॉ. ल्युसी विल्स.

ल्युसी विल्स यांचा जन्म 10 मे 1888 रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराजवळ झाला. घरचा कारखाना होता धारदार अवजारांचा. गवत कापायचे मोठे कोयते आणि विळे ही त्यांची खासियत. घरात पैसा होता, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे विज्ञानाची गोडी होती. वडिलांना वनस्पती, प्राणी, दगड, फोटोग्राफी अशा सगळ्यात रस. एक भाऊ पुढे भूगर्भशास्त्रज्ञ झाला. मुलींनी शिकावं की नाही यावर या घरात वाद झाला नसावा, कारण ल्युसींना त्या काळातल्या मुलींच्या उत्तम शाळेत घातलं गेलं आणि 1907 मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. विषय होते वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र.

1911 मध्ये शिक्षण पूर्ण झालं, पण पदवी मिळाली नाही. त्या नापास झाल्या म्हणून नाही. केंब्रिज त्या वेळी बायकांना पदवीच देत नसे. परीक्षा द्या, पास व्हा, प्रमाणपत्र घ्या आणि घरी जा, असा मामला होता. बायकांना पूर्ण पदवी द्यायला केंब्रिजला 1948 साल उजाडावं लागलं.

त्याच वर्षी, म्हणजे 1911 मध्ये वडील गेले. 1913 मध्ये मोठी बहीण गेली, अवघ्या 26 व्या वर्षी. ल्युसी आईबरोबर श्रीलंकेला जाऊन आल्या, मग धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेल्या. तिथे असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. केप टाउनमधल्या एका हॉस्पिटलात त्यांनी काही आठवडे परिचारिकेचं काम केलं. आतापर्यंत दगड आणि पानं बघणाऱ्या या बाईंनी परत आल्यावर डॉक्टर व्हायचं ठरवलं.

जानेवारी 1915 मध्ये त्यांनी प्रवेश घेतला तो लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात. मराठी वाचकाला हे कॉलेज परकं वाटायचं कारण नाही. बालविवाह नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या डॉ. रखमाबाई इथेच शिकल्या. ल्युसी शिकत होत्या त्याच सुमारास डॉ. जेरुशा झिराड नावाच्या बेने इस्रायली, घरी मराठी बोलणाऱ्या विद्यार्थिनीनं स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातली लंडनची एम.डी. मिळवली, 1919 मध्ये. भारतातल्या जनाना रुग्णालयांना बायका डॉक्टर हव्या असत आणि त्यातल्या बऱ्याच या कॉलेजातून येत. मुंबईचं नाव ल्युसींच्या कानावर तेव्हापासून पडत असणार.

1920 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये गरोदर बायकांच्या शरीरात काय काय बदलतं याचा अभ्यास सुरू केला. आठ वर्षं हेच काम.

आणि मग 1928 मध्ये भारतातून बोलावणं आलं.

बोलावणाऱ्या होत्या डॉ. मार्गारेट बालफोर. भारतात अनेक वर्षं काम केलेल्या बालफोर बाई मुंबईत बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी करत होत्या. त्यांच्यासमोर एक कोडं होतं. काही गरोदर बायकांच्या अंगातलं रक्त गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत भराभर कमी व्हायचं. बाई पांढरीफटक पडायची, पाय सुजायचे, धाप लागायची, ताप यायचा, जुलाब व्हायचे. काही बाळंतपणाच्या आधी दगावायच्या, काही नंतर. लोह देऊनही फरक पडायचा नाही.

त्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की आणखी गोंधळ व्हायचा. लोह कमी असलं की लाल पेशी लहान आणि फिक्या दिसतात. इथे उलटं होतं. पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या, फुगलेल्या. अगदी असंच चित्र पर्निशियस ॲनिमिया नावाच्या एका जीवघेण्या आजारात दिसायचं, आणि तो तर युरोप-अमेरिकेतल्या उतारवयातल्या माणसांचा आजार. मुंबईतल्या वीस-पंचवीस वर्षांच्या गरोदर मुलीला तो कसा होईल?

त्या काळातल्या अनेक डॉक्टरांचा कल जंतूंकडे होता. आतड्यातला एखादा जंतू विष तयार करत असेल आणि ते रक्त नासवत असेल, अशी एक कल्पना. विल्स यांनीही ती तपासून पाहिली. तसा जंतू मिळाला नाही.

काम सुरू झालं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. प्लेगच्या लसीसाठी उभी राहिलेली ही संस्था, तिला हाफकिन यांचं नाव नुकतंच, 1925 मध्ये मिळालं होतं. रुग्ण मुंबईच्या इस्पितळांमधून यायच्या. त्यातलं महत्त्वाचं होतं 1886 पासून चालणारं कामा हॉस्पिटल, बायकांनी बायकांसाठी चालवलेलं. 1928 पासून त्याची सूत्रं कोणाकडे होती? डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे.

विल्स यांनी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्या प्रयोगशाळेत बसून राहिल्या नाहीत. मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा घरात राहतात, याची त्यांनी पाहणी केली. 1930 मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधांवर मेहता आणि तळपदे ही नावं सहलेखक म्हणून दिसतात. आहाराची ही पाहणी तळपदे यांच्यासोबतची. इंग्रज संशोधकाचं नाव पुढे राहिलं, पण परळच्या चाळीत जाऊन आज घरात काय शिजलं हे विचारायला मराठी-गुजराती बोलणारं माणूसच लागलं असणार, हे वेगळं सांगायला नको.

पाहणीतून दिसलं ते असं. हा आजार गरीब बायकांमध्ये होता. त्यांच्या जेवणात मुख्यतः तांदूळ किंवा पाव, थोडी डाळ, चहा. दूध, फळं, पालेभाज्या जवळपास नाहीत. गरीब मुस्लिम वस्त्यांमध्ये प्रमाण जास्त दिसत होतं, आणि इथे सहज चुकीचा निष्कर्ष निघू शकला असता. पण विल्स यांनी जात-धर्माचं लेबल बाजूला ठेवलं आणि ताटाकडे बघितलं. ज्यांच्या ताटात ताजं काही नव्हतं त्यांच्या रक्तात हा दोष होता.

याच वर्षांमध्ये उत्तर भारतात दुसऱ्या काही स्त्री डॉक्टर अशाच एका कोड्याशी झुंजत होत्या, ते इथे सांगायला हवं. त्यांच्यापुढच्या गरोदर बायकांची हाडं मऊ पडत होती, कमरेचं हाड दबून वाट अरुंद होत होती आणि बाळ अडून आई मरत होती. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन वॉन यांनी 1928 मध्ये यावर पुस्तक लिहिलं. पडद्यात, बंद घरात राहणाऱ्या बायकांना ऊन मिळत नाही आणि हाडं ऊन नसल्यानं मऊ होतात, असं त्यांचं म्हणणं. ड जीवनसत्त्वाला नाव मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. एकीकडे हाड, दुसरीकडे रक्त. दोन्हीकडे उत्तर एकाच दिशेला होतं: बाईच्या अंगात कुठला जंतू शिरला हे शोधण्याऐवजी तिला काय मिळत नाही हे शोधा. आज उपकेंद्रातल्या टेबलावर ज्या दोन गोळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, त्यांची मुळं या दोन शोधांमध्ये आहेत.

परत परळला येऊ. गरीब बायकांचं जेवण हेच कारण आहे, हे सिद्ध कसं करायचं? विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना तेच जेवण दिलं. गाभण माद्या रक्तक्षयानं मरू लागल्या, बऱ्याचशा पिल्लं व्हायच्या आधीच. त्याच जेवणात यीस्ट मिसळलं, म्हणजे पाव फुगवायला किंवा दारू आंबवायला वापरतात ते, तर माद्या वाचल्या. चित्र स्वच्छ दिसत होतं.

पण ते खोटं निघालं, निदान अर्धं तरी. त्या उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि उवांमधून एक जंतू त्यांच्या रक्तात गेलेला होता. उंदरांचं रक्त त्या जंतूमुळेही कमी होत होतं. म्हणजे जेवणाचा दोष किती आणि जंतूचा किती, हे वेगळं काढता येईना. हा प्रयोग कुणी तसाच दडपून छापला असता तर त्या काळात फारसं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. विल्स यांनी तो पुन्हा केला, यावेळी माकडांवर.

मधल्या काळात त्या एका जागी नव्हत्या. 1929 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर निलगिरीतल्या कुन्नूरला, जिथे आहारतज्ज्ञ रॉबर्ट मॅककॅरिसन यांची प्रयोगशाळा होती. 1931 च्या सुरुवातीला मद्रासच्या बायकांच्या इस्पितळात. उन्हाळ्यात इंग्लंडची फेरी. आणि पुन्हा मुंबई.

मार्माइटची गोष्ट याच काळातली. मार्माइट म्हणजे काळपट, चिकट, खारट लगदा. दारूच्या कारखान्यात बिअर बनवून झाली की तळाशी यीस्टचा गाळ उरतो. 1902 मध्ये इंग्लंडमधल्या बर्टन या गावी एका कंपनीनं त्या गाळाचा अर्क काढून विकायला सुरुवात केली. इंग्रज माणूस तो पावाला लावून खातो. ज्यांना आवडतो त्यांना फार आवडतो, बाकीचे तोंड वाकडं करतात. स्वस्त असायचा आणि मुंबईत मिळायचा.

असं सांगतात की एक माकड फारच खंगलं होतं, आता जाणारच अशी अवस्था, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून विल्स यांनी त्याला मार्माइट दिलं. माकड उठून बसलं. मग बायकांना दिलं.

परिणाम इतका झटपट होता की खात्री करायला महिनोन्महिने थांबावं लागलं नाही. अस्थिमज्जेतून नव्या लाल पेशी बाहेर पडतात तेव्हा त्या काही दिवस वेगळ्या ओळखू येतात. मार्माइट सुरू केल्यावर काही दिवसांतच त्यांची संख्या उसळी मारून वर जायची. जुलाब थांबायचे, भूक लागायची, बाई उठून बसायची. जून 1931 मध्ये विल्स यांनी ही निरीक्षणं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. ज्या आजारानं बायका मरत होत्या त्यावर चमचाभर यीस्टचा अर्क लागू पडतो, हे त्या लेखाचं सार.

इथे एक बारकावा आहे आणि विल्स यांचं खरं मोठेपण त्यातच आहे.

1926 मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं की पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णाला रोज भरपूर कलेजी खायला दिली तर तो जगतो. त्याबद्दल त्यांना 1934 मध्ये नोबेल मिळालं. मग कलेजीतून ते औषधी द्रव्य वेगळं काढायची शर्यत लागली आणि शुद्ध केलेली इंजेक्शनं बाजारात आली. मुंबईतल्या बायकांना कच्च्या, साध्या कलेजीच्या अर्कानं बरं वाटायचं. पण तोच अर्क जसजसा शुद्ध केला, तसतसा तो या बायकांवर निकामी होत गेला. युरोपातल्या म्हाताऱ्या रुग्णांना मात्र तो उत्तम चालायचा.

याचा अर्थ काय? रक्त सूक्ष्मदर्शकाखाली सारखं दिसतं, पण आजार दोन आहेत. कलेजीत दोन वेगळी द्रव्यं आहेत. एक शुद्धीकरणात टिकतं, दुसरं वाहून जातं. मुंबईच्या बायकांना जे हवं होतं ते वाहून जाणारं. विल्स यांनी हे फरक धरून ठेवले आणि 1937 मध्ये लंडनच्या सहकाऱ्यांबरोबर तो मुद्दा पुन्हा ठामपणे मांडला. लोक त्या अनोळखी द्रव्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले. पहिलं द्रव्य 1948 मध्ये सापडलं, ते ब-12 जीवनसत्त्व. दुसरं त्याआधी, 1941 मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळं केलं गेलं. त्यासाठी चार टन पालक लागला होता. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. आणि काही वर्षांतच ते कारखान्यात बनवता येऊ लागलं ते लेडर्ले कंपनीच्या ज्या प्रयोगशाळेत, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईतून निघालेला धागा असा फिरून पुन्हा एका भारतीय माणसाच्या हातात गेला.

फॉलिक ॲसिड नेमकं करतं काय, हेही थोडक्यात बघू. पेशीची दोन पेशींत वाटणी व्हायची असेल तर आधी तिच्या डीएनएची नक्कल तयार व्हावी लागते. शेताची वाटणी करायची तर सातबाऱ्याची नक्कल लागते, तसंच. फॉलिक ॲसिड कमी पडलं की नक्कल अर्धवट राहते. पेशी वाढत जाते, फुगते, पण तिची वाटणी होत नाही. म्हणून रक्तात मोठ्या आणि मोजक्याच पेशी दिसतात. गरोदरपणात आईचं रक्त वाढायचं असतं, वार बनायची असते, बाळ घडायचं असतं. सगळीकडे वाटण्याच वाटण्या. त्यामुळे एरवी कसंबसं पुरणारं फॉलिक ॲसिड नेमकं याच महिन्यांत संपतं.

1933 मध्ये विल्स लंडनला परतल्या. 1937 च्या अखेरीस त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या, यावेळी कराचीपर्यंत विमानानं. पाण्यावर उतरणारं ते विमान मुक्काम करत करत पाच दिवसांत पोचायचं. मग दुसरं महायुद्ध आलं. जुलै 1944 मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलवर उडता बॉम्ब थेट येऊन पडला, काही माणसं मेली, विल्स यांच्या विभागाचं काम बंद पडलं आणि काही दिवसांत पुन्हा सुरू झालं. रेशनिंगच्या त्या काळात गरोदर बायकांच्या रक्तावर रेशनचा आणि सरसकट लोह देण्याचा काय परिणाम होतो, याचाही त्यांनी अभ्यास केला. प्रत्येक गरोदर बाईला गोळी द्यावी का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. हॉस्पिटलातला पहिला रक्तविज्ञान विभाग त्यांनीच उभा केला आणि 1947 मध्ये त्या निवृत्त झाल्या.

निवृत्त म्हणजे फक्त नोकरीतून. त्यानंतर त्या जमैकाला गेल्या, फिजीला गेल्या, दक्षिण आफ्रिकेला गेल्या. गरोदर बायकांचं पोषण आणि रक्त हाच विषय. लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केलं. कामावर यायच्या त्या सायकलवरून, बर्फातली भटकंती हा छंद, लग्न केलं नाही. कोणाही मोठ्या पुरस्काराच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही. 16 एप्रिल 1964 रोजी त्यांचं निधन झालं.

त्यानंतर सहा वर्षांनी, 1970 मध्ये भारत सरकारनं पोषणातून होणारा रक्तक्षय रोखण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिड एकाच गोळीत द्यायचं ठरलं. मात्रा बदलल्या, रंग ठरले, कार्यक्रमाची नावं बदलली. 2018 पासून तो ॲनिमियामुक्त भारत या नावानं चालतो. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा 180 लाल गोळ्या गरोदरपणात आणि तितक्याच बाळंतपणानंतर.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या अर्ध्या मिलिग्रॅमला जरा जास्तच काम पडतं. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं मलेरिया. मलेरियाचा जंतू लाल पेशी फोडतो आणि शरीराला नव्या पेशी घाईनं बनवाव्या लागतात. दुसरं सिकलसेल. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांमध्ये हा आनुवंशिक आजार आढळतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर तुटतात. (विळ्यांच्या कारखानदाराच्या मुलीचा शोध विळ्याच्या आकाराच्या पेशींना उपयोगी पडावा, हा निव्वळ योगायोग.) सामान्य लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची दहा-वीस दिवस. म्हणजे रक्त बनवणारा कारखाना अखंड चालू आणि फॉलिक ॲसिडचा खर्चही अखंड. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला फॉलिक ॲसिडची वेगळी, मोठ्या मात्रेची गोळी कायम दिली जाते.

पण लोहाचं गणित इथे वेगळं असतं. तुटलेल्या पेशींमधलं लोह शरीरातच राहतं, शिवाय वारंवार रक्त चढवलं असेल तर त्यातूनही भर पडते. त्यामुळे सिकलसेलचा आजार असलेल्या गरोदर बाईला लोह द्यायचं की नाही, हे तपासणी करून डॉक्टर ठरवतात. रक्त कमी आहे एवढ्यावरून सगळ्यांना एकच औषध लागू होत नाही. परळमध्ये विल्स यांनाही हेच दिसलं होतं, फक्त तिथे लोह निरुपयोगी होतं आणि इथे जास्त झालं तर त्रासदायक.

आणखी एक गुंता महाराष्ट्रातूनच पुढे आला. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत असं दिसलं की ज्या आयांच्या रक्तात फॉलिक ॲसिड भरपूर पण ब-12 कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. ब-12 मिळतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. विल्स यांनी वेगळी ओळखलेली ही दोन द्रव्यं शरीरात जोडीनं काम करतात, आणि गोळीत त्यातलं एकच आहे.

ड जीवनसत्त्वाबाबतही चित्र सरळ नाही. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला उन्हाची काय कमतरता, असं वाटतं. पण अंग झाकलेलं असतं, सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला जास्त वेळ ऊन लागतं, आणि जेवणातून ते जवळपास मिळतच नाही. भरपूर ऊन असलेल्या या देशात गरोदर बायकांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. म्हणून ती दुसरी गोळी. दोन्ही गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. मध्ये दोन तास तरी जाऊ द्यायचे. लाल गोळी चहाबरोबरही नको.

आता वेळेचा प्रश्न. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या 28 दिवसांत बंद होते. ती नीट बंद व्हावी यासाठी फॉलिक ॲसिड लागतं, हे 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीनं पक्कं केलं. आधीच्या बाळात हा दोष असलेल्या आयांना फॉलिक ॲसिड दिलं तेव्हा पुढच्या बाळातला धोका 72 टक्क्यांनी घटला. पण 28 व्या दिवशी बहुतेक बायकांना आपल्याला दिवस गेलेत याची खात्रीही झालेली नसते. पाळी चुकून एखादा आठवडा उलटतो, मग महिना, मग उपकेंद्र, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर असेल तर तेही लांबतं. सरकारी सूचनेनुसार पहिल्या तीन महिन्यांत 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी द्यायची असते आणि दिवस राहण्याआधीपासून सुरू केली तर उत्तम.

तोवर बाईच्या रक्तात जे असेल ते तिच्या जेवणातून आलेलं असतं. डाळी, लाखोळी, हरभरा, शेंगदाणे, माठ, शेवग्याचा पाला, अंबाडी या सगळ्यांत फॉलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप असतं. ते पाण्यात विरघळतं आणि फार शिजवलं की नष्ट होतं, त्यामुळे भाजी उकळून पाणी फेकलं तर बरंचसं त्याबरोबर जातं. पहिला पाऊस पडला की चंद्रपूर-गडचिरोलीत बांधाबांधावर तरोटा उगवतो. त्याची कोवळी पानं चार-सहा आठवडेच मिळतात, मग ती जून होतात.